न सोडलेला धूर

लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा आमच्या घरात जळण विकत घ्यायची रीत नव्हती. चौसाळ्याहून डोंगराकडं चढत जाणाऱ्या रस्त्यावरचं ते गाव. घरामागं खव्याची भट्टी होती आणि भट्टीमागं पऱ्हाट्यांची गंजी, घराच्या पत्र्यांपेक्षा उंच. कापूस वेचून झाला की रानात ज्या वाळक्या काड्या उभ्या राहतात त्या पऱ्हाट्या. शेतकऱ्याला त्यांची अडचणच व्हायची. रानात कुळवाची पाळी घालायच्या आधी तो स्वतःच निरोप धाडायचा, "उपटून न्या, रान मोकळं होईल." मग बैलगाडी जायची, रोजानं दोन-तीन बायका लागायच्या आणि वर्षाचं जळण घरी येऊन पडायचं. नवं बियाणं आल्यापासून कापूस वाढला होता, पऱ्हाट्या माणसाच्या डोक्यावर जात होत्या. जळण ही काळजी करायची गोष्ट आहे असं कुणाच्या मनातही येत नव्हतं.

भट्टी माझे थोरले दीर आणि जाऊ चालवायचे. दिरांना सगळं गाव दादा म्हणायचं. जावेला मी अक्का म्हणायची, आमच्या लिंगायतांच्या घरात थोरलीला तसंच म्हणतात. दादा उंच, वाळकुडे, फार कमी बोलणारे. माझ्याशी तर ते थेट कधीच बोलले नाहीत. मला काही सांगायचं असलं तर अक्काकडं बघून सांगायचे, "तिला म्हणावं, आज पाव्हणे हायेत." सकाळी आंघोळ, लिंगाची पूजा, कपाळाला भस्म, आणि मग ते भट्टीपुढं बसत. अक्का कढईपाशी उभी राहून लांब दांड्याच्या उलथन्यानं दूध हलवायची. गोल, एकाच चालीनं, दूध घट्ट होऊन गोळा होईपर्यंत. दादा खालून जाळ सांभाळायचे. एकेक काडी सरकवायचे, एखादी मागं ओढायचे.

"दुधाला जाळ नगं, धग पायजे," ते म्हणायचे. त्यांच्या भट्टीतला खवा करपलेला मी कधी पाहिला नाही. ते निखाऱ्याकडं न बघता, नुसत्या वासावरून सांगायचे की आता काडी ओली आहे, आता तळाशी राख धरली आहे.

आमच्या ह्यांचं मन भट्टीत कधी रमलं नाही. बीडला बी.कॉम. केलं, मग सगळी पोरं जात होती म्हणून पुण्याला गेले. तेव्हा नव्या नव्या कंपन्या येत होत्या आणि गावातल्या प्रत्येक घरातून कुणीतरी पुण्याला खोली करून राहत होतं. ह्यांना तिथं कायमचं काही लागलं नाही. परत आले ते वर्ष-दीड वर्ष रिकामेच होते. आणि तेवढ्यात हायवेपासून आत, माळावर, लाइटीचा कारखाना उभा राहायला लागला. पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, भुस्सा जाळून वीज करायची होती. गावोगाव फिरून जळण गोळा करायला माहितीचा माणूस पाहिजे होता. हे तिथं नोकरीला लागले.

कारखाना सुरू व्हायच्या आधी शाळेच्या पटांगणात एक बैठक झाली. मांडव घातला होता. पाण्याच्या बंद बाटल्या टेबलावर मांडल्या होत्या आणि पोरं त्यांच्याकडंच बघत होती. पुण्याहून एक बाई आणि दोन साहेब आले होते. गावाला विचारल्याशिवाय परदेशातून मंजुरी मिळत नाही, म्हणून ते विचारायला आले होते. बाई चांगल्या होत्या. सावकाश, समजेल असं बोलत होत्या. अक्का बायकांच्यात मागं बसली होती ती उठून उभी राहिली.

"आमची खव्याची भट्टी हाय. तुमी पऱ्हाट्या नेल्या तर आमी काय जाळायचं?"

"ताई, आम्ही सगळ्या तालुक्याचा हिशेब केलाय," बाई म्हणाल्या. "इथं गरजेपेक्षा कितीतरी जास्त पऱ्हाट्या आहेत. निम्म्या तर लोक बांधावर पेटवून देतात. तुम्हाला कमी पडणार नाही."

ते खरंच होतं. बांधावर पेटवलेल्या पऱ्हाट्या आम्ही सगळ्यांनी पाहिल्या होत्या. अक्का खाली बसली.

त्या दिवशी जेवताना दादांनी ह्यांना विचारलं, "परदेशातल्या लोकांचा ह्यात काय संबंध?"

ह्यांनी भाकरी बाजूला ठेवून समजावलं. "तिकडच्या कारखान्यांना सरकारनं बंधन घातलंय. एवढाच धूर सोडायचा, जास्त न्हाई. ज्याला जास्त सोडायचाय त्यानं दुसऱ्याचा न सोडलेला धूर विकत घ्यायचा. आपण कोळशाऐवजी पऱ्हाटी जाळून वीज करणार. कोळशाचा जेवढा धूर वाचला तेवढा आपल्या नावावर जमा. तो ते घेणार."

"तलावाच्या पाण्याच्या पाळीसारखं."

"तसंच. आपली पाळी आपण दुसऱ्याला दिली, तसं."

दादांनी भाकरीचा तुकडा मोडला. "पाणी दिसतंय तरी. न सोडलेला धूर मोजतेत कसा बे?"

"मोजतेत. त्याची मानसं असतेत. त्या पैशावरच तर कारखाना उभा राहतोय, नुसत्या विजेवर त्याला परवडत न्हाई."

दादा हसले. अक्काही हसली. मीसुद्धा हसले असेन. घरात पहिला पगार येणार होता आणि आम्ही सगळे खुशीत होतो.

पहिलं वर्ष बरं गेलं, हे मी नाकारणार नाही. ट्रॅक्टरला जोडलेली कुट्टीची यंत्रं रानात उतरली. जी काडी फुकट न्यायला माणूस बोलवावा लागत होता तिला वजनावर भाव मिळायला लागला. शेतकरी ह्यांना चहाला थांबवायचे. बांधावरचे जाळ बंद झाले. आमच्या घरात रंगीत टीव्ही आला, अक्काला मी चांगलं लुगडं घेतलं. भट्टीमागं गंजी होती तशी होती.

दुसऱ्या वर्षी कपाशीचं रान निघालं आणि कुणाचाच निरोप आला नाही. दादा स्वतः गेले. ज्याच्या रानातून वर्षानुवर्षं गाडी भरून आणत होते त्या शेतकऱ्यानं त्यांना बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "दादा, तुमच्याच भावानं भाव लावलाय. आता फुकट कसं देऊ? घरचे मला येड्यात काढतील."

दादा विकत घेऊन आले. पहिल्यांदाच. गंजी निम्मी झाली.

मग हळूहळू सगळंच त्या भावाच्या मागं गेलं. कारखान्याला पऱ्हाटी लागते म्हटल्यावर वीटभट्टीवाले, हॉटेलवाले साठा करायला लागले. पऱ्हाटी मिळेना म्हणून लोकांनी बाभळीकडं हात घातला, बाभूळ महागली. बायका गोवऱ्या थापून ढीग लावायच्या, त्यांच्याही गोवऱ्या विकत मागायला माणसं यायला लागली. आमचं मात्र वेगळं होतं. खव्याचा भाव आमच्या हातात नव्हता. चौसाळ्याहून एसटीच्या टपावर पाट्या चढवायच्या, त्या हैदराबादला जायच्या आणि तिथला व्यापारी जो भाव लावील तो घ्यायचा. दूधवाल्याला दुधाचा भाव देणं भाग होतं. एसटीचं भाडं देणं भाग होतं. वाढलेलं जळण तेवढं कुणावर ढकलता येईना. ते आमच्याच कढईखाली राहिलं.

दादांनी नाना उपाय केले. ओढ्याकडची वेडी बाभूळ तोडून आणली. तिचा धूर कडू. कितीही झाकलं तरी तो दुधात उतरायचा. हैदराबादहून निरोप आला, वास येतोय, असला माल पाठवू नका. ते ऐकल्यावर दादा दिवसभर भट्टीपाशी नुसते बसून होते. अक्का मला म्हणाली, "तीस वर्सं झाली लग्नाला. माल परत यायची ही पहिली बारी."

हे एकदा स्वतःच्या पगारातून ट्रॉलीभर पऱ्हाट्या घेऊन आले. दादांनी दारातूनच ट्रॉली फिरवायला लावली.

"कारखान्याचा माल घरी आणतो म्हून कुनी बोललं तर नोकरी जाईल तुझी."

"विकत घेतलाय मी."

"ते तुला ठाव. लोकाला न्हाई." मग म्हणाले, "तू तुझं काम कर. तुझा काई दोष न्हाई त्यात."

हे ट्रॉलीबरोबर परत फिरले. त्या दिवशी न जेवता कामावर गेले. मला वाटतं, दादांनी शिवी दिली असती तर ह्यांना सोपं गेलं असतं.

पंचक्रोशीतल्या भट्ट्या एकेक करून थंड झाल्या. आमची सगळ्यात शेवटी. घरच्या म्हशींचं दूध डेअरीच्या टँकरला घालायला सुरुवात केली. दादांनी कढई उतरवून, घासून, भिंतीला पालथी लावून ठेवली. अक्काचा हात मात्र थांबला नाही. ती ओट्यावर टेकून बसलेली असायची, गव्हातले खडे निवडताना, कुणाशी बोलताना, आणि तिचा उजवा हात हवेत गोल फिरत असायचा. तिच्या लक्षातही यायचं नाही. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातलं काम सोडून तिच्यापाशी गेले. मी हळूच तिचा हात धरला. ती म्हणाली, "काय गं?" मी म्हणाले, "काही न्हाई, अक्का."

मग ह्यांनीच कारखान्यात शब्द टाकला आणि दादांना जळणाच्या यार्डात राखणीला लावलं. यार्ड म्हणजे माळावर तारेच्या कुंपणातलं एक गाव म्हणावं असं होतं. पऱ्हाट्यांच्या कुट्टीच्या टेकड्या, मधून ट्रॅक्टर जातील एवढे रस्ते. जवळच्या रानातलं संपलं तसे लांबून ट्रक यायला लागले, पार दिंद्रुडकडून. हे रोज संध्याकाळी चिंतेत यायचे. आपणच भाव चढवला आणि आता आपल्यालाच परवडेना, असं म्हणायचे. डिझेल, हमाली, ट्रकभाडं. जळण कारखान्यात येऊन पडेपर्यंत त्याची किंमत रानातल्या किमतीच्या कितीतरी वर जायची. तरी तिकडून पैसा येत होता म्हणून चाललं होतं.

तो पैसा यायचा थांबला. मला ते टीव्हीवर कुठं दिसलं नाही, पेपरातही वाचल्याचं आठवत नाही. ह्यांनी सांगितलं तेवढंच कळलं. युरोपात मंदी आली. तिथले कारखाने कमी चालायला लागले, म्हणजे त्यांचा धूरच कमी झाला. मग आपला न सोडलेला धूर घेणार कोण? त्याचा भाव पडत पडत मातीमोल झाला. एका सकाळी आमच्या कारखान्याच्या चिमणीतून काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लोक म्हणाले, दुरुस्ती चालू असेल.

साहेब लोक गेले. टेकड्या तशाच राहिल्या. ठेकेदारानं राखणीला दोघं-तिघं ठेवले, त्यात दादा. ह्यांनाही, माल विकून टाकेपर्यंत थांबा म्हणून ठेवलं. पण माल कुणी घेईना. एका पावसाळ्यात तो भिजला, वाळला, खाली दबला. पुढच्या उन्हाळ्यात दादा एकदा घरी आले आणि अक्काला म्हणाले, "यार्डातल्या मोठ्या गंजीत हात घातला. गरम लागती."

"उनानं आसंल."

"उनानं वरून तापतं. ही आतून तापली. काडी पेटलीय आत कुठंतरी."

त्यांनी ठेकेदाराच्या माणसालाही सांगितलं. तो म्हणाला, धूर कुठं आहे? धूर नव्हता. दादांना आग कळायला धूर लागत नव्हता.

वैशाखातल्या एका दुपारी गावातून धूर दिसला. आधी पांढरा, मग पिवळट. मी आणि अक्का दारात उभ्या होतो. तिनं पायात चपला घातल्या आणि ती चालायला लागली. मी कुलूप लावून तिच्या मागं पळाले. वाटेत एका जीपवाल्यानं आम्हाला घेतलं. तारेच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा समोरून दुसरी जीप बाहेर पडत होती. तिच्या मागच्या बाकावर हे बसले होते, दोन्ही तळवे वर करून, दुसऱ्याचं काहीतरी धरल्यासारखे. आणि त्यांच्या पायाशी पोत्यावर दादा होते.

जे झालं ते मी पाहिलं नाही. तिथं होते त्यांनी सांगितलं ते असं. साखर कारखान्याचा पाण्याचा बंब आला होता. पण पाइप गंजीच्या पायथ्याशीच पुरत होता, आणि आग वर मधोमध होती. कुणीतरी पाइप घेऊन वर चढायला पाहिजे होतं. दादा चढले. वरची राख पापडासारखी टणक दिसत होती. पाच-सहा पावलं ते नीट गेले. मग पापड फुटला आणि ते मांडीपर्यंत आत गेले. आत सगळा निखारा होता. ते ओरडले नाहीत, असं सगळेच सांगतात. नुसते हात टेकून बाहेर यायला बघत होते आणि टेकतील तिथं राख फुटत होती. हे आणि बंबाचा ड्रायव्हर शिडी आडवी टाकून तिच्यावरून सरकत गेले आणि त्यांना ओढून काढलं.

त्यांना अंबाजोगाईला नेलं. काही दिवस ते होते. शुद्धीवर होते. वेदना कमी करायचं औषध दिलं की डोळे मिटायचे, उतरलं की उघडायचे. अक्का खाटेशेजारी फरशीवर बसून असायची. एकदा ती पाणी आणायला गेली होती, मी एकटीच होते. दादांनी डोळे उघडले आणि माझ्याकडं पाहिलं. अक्काकडं बघून बोलायची सवय असल्यामुळं मला वाटलं ते तिला शोधतायत.

"अक्का येतीय, दादा."

"त्याला घरी ने," ते मला म्हणाले. "जिऊ घाल. त्यो जेवला नसंल."

इतक्या वर्षांत ते माझ्याशी बोललेलं हे एवढंच. हे बाहेर व्हरांड्यात बसलेले होते, दोन्ही हातांना पट्ट्या बांधून. खरंच जेवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दादा गेले.

आमच्यात माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, पूजेला बसल्यासारखं, डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात आणि मातीत ठेवतात. आगीला आमच्यात भट्टीपुरती जागा, देहावर तिचा हक्क नाही. खड्डा खणला होता. दादांना खुर्चीत बसवून आणलं होतं, भस्म लावलं होतं. पण त्यांच्या पायांची मांडी होईना. गुडघ्याखाली जे होतं ते वळत नव्हतं. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. अक्का पुढं झाली आणि विधी करणाऱ्या जंगम स्वामींना विचारलं, "आता ह्यांला बसवायचं कसं?" स्वामी म्हातारे होते. ते खड्ड्याकडं बघत म्हणाले, "बसतील तेवढं बसवा, बाई. बाकीचं तो बघून घील." ह्यांच्या हातांना पट्ट्या होत्या, त्यामुळं त्यांना भावाला हात लावता आला नाही. मूठभर मातीसुद्धा मीच त्यांच्या वतीनं टाकली.

कारखान्याचं म्हणणं पडलं, माणूस आमचा नव्हता, ठेकेदाराचा होता. ठेकेदार म्हणाला, त्यांना वर चढायला आम्ही सांगितलं नव्हतं. ह्यांनी भांडायला पाहिजे होतं असं सगळ्यांना वाटत होतं. हे गप्प बसले.

गंजी कित्येक आठवडे जळत राहिली. बंब येऊन जायचा, विझली म्हणायचे, आणि दोन दिवसांनी कडेच्या भेगेतून पुन्हा धूर निघायचा. वारा फिरला की तो वर आमच्या गावात यायचा. वाळत घातलेल्या कपड्यांना, भाकरीला, तेव्हा कडेवर असलेल्या माझ्या लेकराच्या केसांना त्याचा वास यायचा. हिशेबात जो नव्हता तो सगळा धूर आता आमच्या घरात शिरत होता आणि त्याला दार लावून अडवता येत नव्हतं. अक्का वारा फिरला की बाहेर जाऊन बसायची. मी आत बोलवायची, ती म्हणायची, "बसू दे गं. त्यातच हायेत ते."

मला भीती वाटायची. ते खोटं कसं सांगू? दादांच्या पूजेच्या जागेपाशी, सकाळी, भस्माचा ओला वास यायचा. एकदा भट्टीच्या बाजूनं काडी मोडल्याचा आवाज आला, तशी मी परात तिथंच ठेवून गेले. कुणी नव्हतं.

ह्यांचं चालणंच बदललं. दारातून आत येताना, अंगणात, एसटीत चढताना, आधी एक पाय पुढं टाकायचा, अंगठ्यानं दाबून बघायचं, मग भार द्यायचा. घरातल्या शहाबादी फरशीवरसुद्धा. आजही तसंच चालतात. लोकांना वाटतं गुडघ्याचा त्रास आहे. मीही तसंच सांगते.

नोकरी गेल्यावर ह्यांनी चौसाळ्याला पशुखाद्याचं दुकान टाकलं, तिथंच दोन खोल्या करून आम्ही राहायला गेलो. अक्का गावातच राहिली. येते म्हणायची आणि यायची नाही. पुढच्या वर्षी कपाशी निघाली तेव्हा तोच शेतकरी, ज्यानं दादांना नाही म्हटलं होतं, स्वतः ट्रॉली भरून घेऊन अक्काच्या दारात आला. पऱ्हाट्यांना आता पुन्हा कुणी विचारत नव्हतं. तो ट्रॉली रिकामी करून, चहा न घेताच गेला. अक्कानं कढई सरळ केली. मी तेव्हा तिच्याकडंच होते. मला वाटलं ती रडेल. तिनं एका बाईला हलवायला उभं केलं आणि स्वतः दादांच्या जागेवर, जाळापुढं बसली. पहिला घाणा करपला. दुसराही करपला. तिसऱ्या दिवशी तिनं काडी मागं ओढली, वास घेतला, आणि म्हणाली, "आता जमंल." तिची भट्टी पुढं पुष्कळ वर्षं चालली. आजूबाजूच्या थंड झालेल्या भट्ट्या मात्र पुन्हा पेटल्या नाहीत. त्यांची माणसं तोवर पुण्याला, कुणी ऊसतोडीला निघून गेली होती.

कारखान्याचं लोखंड भंगारात गेलं. माळ कुणीतरी विकत घेतला, नांगरला. एका वर्षी अक्का, हे आणि मी पाटोद्याला लग्नाला गेलो होतो. परत येताना अक्कानं जीप त्या फाट्यावर थांबवायला लावली. म्हणाली, बघून येऊ. जिथं मोठी गंजी होती तिथं कापूसच पेरला होता, राखेमुळं असेल, आजूबाजूच्या रानापेक्षा काळपट हिरवा. अक्का सरीतून चालत मधोमध गेली. हे बांधावरच उभे राहिले. मी ह्यांच्याजवळ थांबले.

ती परत आली तेव्हा ह्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली. तिच्याकडं न बघता, रानाकडं बघत.

"वहिनी, पाइप माझ्या हातात होता. ठेकेदाराच्या माणसानं मला जा म्हटलं होतं. मी निघालोतो. दादानं हातातून काढून घेतला. तू थांब म्हणला, मला आग कळती."

मला हे माहीत नव्हतं. एका घरात, एका अंथरुणावर राहून माहीत नव्हतं.

अक्का पायाला लागलेली माती बांधाच्या दगडावर घासत होती. "मला ठाव हाय," ती म्हणाली. "त्यांनी दवाखान्यातच सांगितलंतं."

हे तिच्याकडं वळले. "मंग तुमी इतक्या वर्सांत बोलला कावून न्हाई?"

"काय बोलायचं, भाऊजी? तुमी गेला असता तर ही बसली असती तिथं फरशीवर. मी हिला बघत हुबी राहिले असते."

ती माझ्याकडं बघून हे म्हणाली. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. जमिनीची हद्द सांगावी तसं सांगितलं. आणि मला आठवलं, दादा गेल्यानंतरच्या कितीतरी दुपारी मी ह्यांना ताट वाढत असताना अक्का दारात उभी राहून आमच्याकडं बघत असायची. मला वाटायचं तिला एकटं वाटतंय, म्हणून मी तिला आत बोलवायची, बस म्हणायची, तिच्यासाठीही ताट घ्यायची. ती जेवायची. नंतर भांडी स्वतःच घासायची, मला घासू द्यायची नाही.

जीपवाल्यानं हॉर्न दिला. अक्का पुढच्या सीटवर जाऊन बसली. आम्ही दोघं मागं बसलो. चौसाळा आला. आम्ही उतरत असताना तिनं ह्यांना विचारलं, दुकानात सरकी पेंड आली का, आली असली तर दोन पोती गावात पाठवा. हे म्हणाले, उद्या पाठवतो.